शेल मेलं, डंप मात्र चालूच

प्रश्न: रोज रात्री पायथनमधून डेटाबेसचा बॅकअप घेतो, मायएसक्यूएलडंप या डेटाबेसची प्रत काढणाऱ्या कमांडचं आउटपुट पाइपने जीझिपला (डेटा दाबून लहान करणारी कमांड) आणि तिथून फाइलमध्ये. पीओपनला (पायथनमधून दुसरा प्रोग्रॅम सुरू करतं ते) शेल=ट्रू दिलंय, आउटपुट-एरर दोन्ही पाइप, आउटपुट संपेपर्यंत थांबणाऱ्या कम्युनिकेटला ३०० सेकंदांचा टाइमआउट, तो उलटला की किल आणि परत कम्युनिकेट, अगदी डॉक्युमेंटेशनमध्ये आहे तसं. तरी एखाद्या टेबलला लॉक लागलं की प्रोग्रॅम सकाळपर्यंत अडकलेलाच. मग टाइमआउटचा उपयोग काय? – एक वाचक, सांगली

उत्तर: टाइमआउट बरोबर लागतोय हो, किलही होतंय, फक्त मरतंय ते शेल. शेल=ट्रू दिलं की पायथन आधी एसएच, म्हणजे कमांडी चालवून देणारं शेल, चालवतं आणि ते एसएच तुमचे डंप आणि जीझिप चालवतं, किल जातो त्या एसएचला, खालचे दोघं अनाथ होऊन आपलं काम करत बसतात. आता जीझिपचं आउटपुट फाइलमध्ये जातंय हे खरं, पण दोघांचं स्टँडर्ड एरर (चुकांचे संदेश जातात ती वाट) अजून तुमच्याच पाइपला जोडलेलं आहे, आणि दुसरं कम्युनिकेट तो पाइप बंद व्हायची वाट बघतं, म्हणजे लॉक सुटेपर्यंत. पीएस ही चालू प्रोसेस दाखवणारी कमांड लावून बघा, दोघंही तिथेच दिसतील.

उपाय सोपा आहे. पीओपनला स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू द्या, मग शेल आणि त्याची पोरं एकाच नव्या ग्रुपमध्ये येतात, टाइमआउट झाला की ओएस.किलपीजीला (अख्ख्या ग्रुपला सिग्नल पाठवतं ते) त्या शेलचा पीआयडी, म्हणजे प्रोसेसचा नंबर, देऊन आधी सिगटर्म (आवरतं घ्यायची विनंती), पाचेक सेकंदांत आवरलं नाही तर सिगकिल (थेट मारणं). एवढंच, की आता टर्मिनलवर कंट्रोल-सी मारलं तर ते या पोरांपर्यंत पोचणार नाही, तेही तुम्हालाच सांभाळावं लागेल. (हे लिनक्स-मॅकवर, विंडोजला किलपीजी नाहीच.)

पीओपनऐवजी सबप्रोसेस.रन वापरा असं कोणी सुचवेल, नव्या पायथनमध्ये ते अडकत नाही, पण अनाथ प्रोसेस मागे राहतातच, उलट कळत पण नाही.

मला विचाराल तर शेलच काढून टाका, दोन पीओपन करा आणि पहिल्याचं आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडा. कारण शेलच्या पाइपमध्ये एक्झिट कोड (शून्य म्हणजे काम नीट झालं) शेवटच्या कमांडचा मिळतो, म्हणजे डंप मध्येच फेल झाला तरी जीझिप शून्य देऊन मोकळा आणि अर्धवट फाइल बॅकअप म्हणून पडून राहणार. फाइलही आधी तात्पुरत्या नावाने लिहा, दोन्ही कोड शून्य आले तरच खरं नाव द्या.