पत्नीला विणकामाचा छंद आहे, मला नाही. मेक्सिकोच्या विणकाम क्रूझवर जोडीने जावं का?

जरूर जा, आणि जोडीनेच जा.

तुम्ही लिहिलंय की जानेवारीत लेकीकडे लॉस एंजेलिसला चाललात, तिने मेक्सिकोच्या किनाऱ्याने जाणारी सात रात्रींची विणकाम क्रूझ शोधून ठेवली आहे, वहिनी हरखून गेल्यात आणि तुम्हाला काळजी पडलीये की आठवडाभर लोकरीच्या गुंड्यांत बसून मी करू काय. आम्ही नाशिकचे, मुलगा तिकडे अर्व्हाइनला असतो. गेल्या फेब्रुवारीत त्याने आम्हाला अगदी अशाच क्रूझवर पाठवलं. हिचे हात चाळीस वर्षं सुयांवर चालताहेत, मी कधी सुई हातात धरलेली नाही. म्हणजे तुमच्या जागी मी बसून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक समजून घ्या. अख्खं जहाज विणणाऱ्यांचं नसतं. दोन-तीन हजार प्रवाशांच्या नेहमीच्या जहाजावर एखादा आयोजक आपल्या गटासाठी काही खोल्या धरतो, दोन-तीन शिक्षिका सोबत आणतो आणि जहाजावरच्याच एखाद्या दालनात वर्ग भरवतो. बाकी जेवणखाण, पोहण्याचा तलाव, रात्रीचे गाण्यांचे कार्यक्रम हे सगळ्यांना सारखंच. म्हणून तिकीट आयोजकाकडूनच काढा. आमच्या जहाजावर एका बाईंनी थोडं स्वस्त पडतं म्हणून परस्पर तिकीट काढलं होतं. पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारातून त्यांना परत फिरावं लागलं, कारण वर्गाची यादी आयोजकाची होती. फार वाईट वाटलं त्यांच्याकडे बघून. दुसरं, न विणणाऱ्या जोडीदाराला वर्गाची फी सहसा लागत नाही, फक्त जहाजाचं भाडं लागतं. हे आयोजकाला आधीच विचारून घ्या.

क्रूझ निवडताना लोक बंदरं मोजतात. तुम्ही समुद्रातले दिवस मोजा. वर्ग त्याच दिवशी असतात. बंदराला लागलं की सगळे खाली उतरतात, वर्ग बंद. आमचा क्रम असा होता: पहिला दिवस पूर्ण समुद्रात, मग काबो सान लुकास, मासात्लान, पुएर्तो वायार्ता, आणि परतीचे दोन दिवस पुन्हा समुद्रात. म्हणजे विणकामाचे तीन दिवस. चार बंदरं आणि समुद्रातले दोनच दिवस असलेली क्रूझ कागदावर भरगच्च दिसते, पण ज्यासाठी वहिनी निघाल्यात ते तिच्यात कमी मिळेल.

आता मला खरं जे सांगायचंय ते. वर्गाचे तास पूर्णपणे त्यांचे राहू द्या. आमच्या घरी हिचं विणकाम नेहमी उरलेल्या वेळात झालं. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत दोन ओळी, मुलाची शाळा सुटायची वाट बघताना चार ओळी, माझी औषधं, पाहुणे, सणवार, आणि मधल्या फटींतून स्वेटर पुरे व्हायचे. नात्यातल्या किती बाळांना हिची टोपडी आणि मोजे गेले याची मोजदाद नाही. पण सलग तीन तास कुणी हाक न मारता हिने विणलंय हे मी जहाजावर पहिल्यांदा पाहिलं. पहिल्या दिवशी मी सवयीने अकरा वाजता चहाला बोलवायला गेलो. दारातूनच दिसलं, ही मान खाली घालून टाके मोजत होती, ओठ हलत होते. मी तसाच मागे फिरलो आणि चहा एकटा प्यायलो. पुढचे सगळे दिवस तिकडे फिरकलो नाही. तुम्हालाही हेच सांगेन. दुपारी जेवताना भेटा, आज काय केलं ते विचारा, आणि सांगतील ते नीट ऐका.

त्या पहिल्या वर्गात हिची तारांबळ का उडाली तेही ऐका, म्हणजे वहिनींची उडणार नाही. आपल्याकडे सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत नेमकं उलटं. आपली दहा नंबरची सुई ३.२५ मिलिमीटरची, तिला तिथे तीन नंबर म्हणतात. आपली आठ नंबरची, म्हणजे चार मिलिमीटरची, ती तिथे सहा. शिक्षिकेने सहा नंबर सांगितला, हिने आपली सहा नंबरची जाड सुई काढली, आणि विणलेला तुकडा जाळीसारखा सैल पडला. तेव्हा सुयांचं माप मिलिमीटरमध्ये लिहून न्या. क्रोशाच्या नमुन्यांतही हा गोंधळ आहे. ज्या टाक्याला आपण मुका खांब म्हणतो, त्याला अमेरिकेत सिंगल आणि इंग्लंडमध्ये डबल म्हणतात. लांब सरळ सुयाही घरी ठेवल्यात तरी चालेल, खुर्चीच्या हातांना आणि शेजारणीच्या कोपराला लागतात. तिथे बहुतेक जणी मध्ये लवचीक तार असलेल्या गोल सुया वापरतात. हिला तिसऱ्या दिवशी त्या हाती बसल्या आणि आता घरीही त्यांच्यावरच चालू आहे.

मी काय केलं? दुर्बीण घेऊन डेकवर उभा राहिलो. डिसेंबर ते मार्च हा त्या किनाऱ्यावर हंपबॅक देवमाशांचा हंगाम असतो. उत्तरेच्या गार पाण्यातून ते पिलं द्यायला खाली येतात, आणि पुएर्तो वायार्ता ज्या उपसागरावर आहे तो बांदेरास उपसागर त्यांचं हक्काचं माहेर. आधी पाण्यावर वाफेचा फवारा दिसतो, मग काळी पाठ, आणि नशीब असेल तर बुडी मारताना शेपटीचे दोन पंख उभे राहतात. जहाजाच्या कडेने बूबी नावाचे पक्षी तासन्‌तास सोबत करतात. जहाजाच्या पुढच्या टोकाला बिचकून उडते मासे पाण्याबाहेर झेपावतात, की हे वरून सूर मारतात. माझ्यासारख्या माणसाला सकाळचे तीन तास पुरत नव्हते. तुम्हाला पक्ष्यांत रस नसेल तर वाचन न्या, बुद्धिबळ न्या, पण आपलं असं काहीतरी न्या.

बंदरांपैकी काबोबद्दल थोडक्यात. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. रांग लागते. खडकांची ती प्रसिद्ध कमान आणि खडकांवर पहुडलेले समुद्रसिंह बोटीतून बघा आणि परत या. मासात्लान मला आवडलं. तिथे पुल्मोनिया नावाच्या चारी बाजूंनी उघड्या टॅक्सी धावतात. पुल्मोनिया म्हणजे न्यूमोनिया, वारं लागतं म्हणून! त्या टॅक्सीने प्लासा माचादो या जुन्या चौकात जा आणि तिथून चालत बाजारात. सुईदोऱ्याच्या दुकानाला तिकडे मेर्सेरिया म्हणतात, विणायच्या धाग्याला एस्तांब्रे. किनारा उष्ण आहे, तेव्हा लोकरीची आशा धरू नका. मिळतं ते ॲक्रिलिक आणि सुती. हिने इलासा म्हणून जो सुती दोरा मिळतो त्याचे गुंडे घेतले, रंग डोळ्यांत भरणारे.

पण धाग्याचं खरं काम बघायचं तर पुएर्तो वायार्ता. आतल्या सिएरा माद्रे डोंगरांत राहणारे विरारिका लोक, ज्यांना बाहेरचे हुइचोल म्हणतात, त्यांच्या वस्तू तिथे समुद्रकाठच्या रस्त्यावर आणि दुकानांत असतात. मण्यांचं काम सगळ्यांच्या नजरेत भरतं, पण ही थांबली ती धाग्याच्या चित्रापाशी. लाकडी फळीवर मधमाश्यांच्या मेणाचा पातळ थर दिलेला असतो. त्यावर धागा ठेवायचा आणि अंगठ्याने दाबत जायचं. आधी आकृतीची कड, मग त्या कडेला लागून दुसरी फेरी, तिसरी फेरी, असं मध्यापर्यंत. फळीचा कणभरही भाग उघडा राहत नाही. हरीण, मका आणि हिकुरी नावाचं बिनकाट्याचं निवडुंग या तीन गोष्टी त्यांना पवित्र, त्या पुन्हापुन्हा येतात. काम करणाऱ्या बाई साठीच्या असतील. अंगठ्याच्या नखाची कड झिजून गुळगुळीत झालेली. हिला स्पॅनिश येत नाही, त्यांना आपली भाषा नाही. हिने पिशवीतून नातवाचं अर्धवट टोपडं काढून दाखवलं. त्या बाईंनी ते हातात घेतलं आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर उलटं करून आतली बाजू पाहिली. मग टोकाचा लोंबता धागा कुठे आत ओवलाय तिथे बोट ठेवून मान हलवली. ही खोलीवर येईपर्यंत त्याबद्दलच बोलत होती, माझी आतली बाजू बघितली त्यांनी, म्हणून.

आम्ही वीतभर लांबीचं एक चित्र घेतलं. मेण आहे हे लक्षात ठेवा, उन्हात किंवा तापलेल्या गाडीत ठेवू नका. आणि घासाघीस फार करू नका. एवढ्याशा चित्रालाही किती वेळ लागतो ते समोर बसून बघितलं की भाव करावासाच वाटत नाही.

परतीच्या वाटेवर एका शिक्षिकेने रंगांवर तासभर सांगितलं, त्याला जोडीदारांनाही बोलावलं होतं. कोचिनील हा लाल रंग निवडुंगावरच्या किड्यापासून निघतो. आपल्याकडे कुंपणाला दिसणारं फड्या निवडुंग मूळचं अमेरिकेचंच, त्याच्याच जातभाईवर हा किडा पोसतात. एका पौंडाला साधारण ७०,००० वाळके किडे लागतात, आणि स्पॅनिश राजवटीत मेक्सिकोतून जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल याचीच किंमत होती. त्यांनी करड्या दाण्यांसारखे दोन किडे हिच्या तळहातावर चुरडले, पाण्याचा थेंब टाकला, गर्द लाल. लिंबू पिळलं, नारिंगी. चिमूटभर सोडा टाकला, जांभळा. मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या ओआहाका राज्याच्या किनाऱ्यावर तर मिश्तेक लोक खडकावरच्या गोगलगाईचा स्राव थेट सुताच्या लडीवर घेतात आणि गोगलगाय परत खडकावर ठेवून देतात. ती लड उन्हात हिरवट होत होत जांभळी होते. सात रात्रींची क्रूझ तिथवर पोचत नाही. पनामा कालव्याकडे जाणाऱ्या लांब क्रूझ त्या किनाऱ्यावरच्या उआतुल्कोला थांबतात.

आता कामाच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र शेवटी पुन्हा अमेरिकेत उतरायचंय, तेव्हा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना ते बघा. भारतातून काढलेल्या विम्यात मेक्सिको आणि जहाजावरचे उपचार येतात का तेही विचारा. घड्याळाकडे लक्ष ठेवा. हिवाळ्यात मासात्लान लॉस एंजेलिसच्या एक तास पुढे, पुएर्तो वायार्ता दोन तास. फोन आपोआप बदलतो, जहाजाचं घड्याळ बदलेलच असं नाही, आणि जहाज आपल्याच घड्याळाने सुटतं. शाकाहारी असाल तर रात्रीच्या जेवणाच्या मुख्य वाढप्याला आदल्या दिवशी सांगा, आम्हाला रोज वरण-भाजीसारखं काहीतरी करून मिळत होतं. किनाऱ्यावर घेवड्याची उसळ बिनधास्त घेऊ नका, तिच्यात बरेचदा डुकराची चरबी असते. "सिन मांतेका" म्हणजे चरबीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. मक्याची तोर्तिया मात्र आपल्या भाकरीच्या चवीची, ती पोटभर खा.

सुया विमानात मोठ्या बॅगेत टाका. कात्री लहान न्या. इस्त्री जहाजावर चालत नाही. परतताना वारं उत्तर-पश्चिमेकडून समोर येतं आणि जहाज जाताना डोललं नव्हतं इतकं डोलतं. मान खाली घालून बारीक नक्षीचे टाके मोजले की मळमळतं, आमच्या गटातल्या निम्म्या जणींनी त्या दोन दिवसांत नक्षी बाजूला ठेवली. म्हणून एक साधं, न बघता विणता येईल असं काम वेगळं न्यायला सांगा, मफलर किंवा साधी टोपी. आणि खोली मागताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यभागातली मागा. डोलणं तिथे सगळ्यात कमी, आणि वहिनींना झोपण्याआधी उशीला टेकून दोन ओळी विणायची सवय असेल, तर ते पहिल्याच रात्री कळेल.