मोबाइल मनीमुळे आपल्यासारख्या देशांतल्या जुन्या बँका बंद पडतील का?

नाही पडणार. पण 'बँका' म्हणजे नक्की कोण, ते तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझं दुखणं नेमकं तिथलंच आहे.

माझी आई १९ वर्षं दादरच्या फूलबाजारात एका सहकारी बँकेची पिग्मी, म्हणजे गाळ्यागाळ्यावर जाऊन रोजची थोडी थोडी बचत, गोळा करायची. आणि २०१८ मध्ये त्याच बाजारात क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवत फिरणारा पोरगा मी. अंगात कंपनीचा टी-शर्ट, दर गाळ्यामागे कमिशन. तेव्हा हा विषय आमच्याकडे रोज रात्री ताटावरच निघायचा.

दादरचा बाजार पहाटेच भरतो. सहा-साडेसहाला गल्ल्यात पैसे खुळखुळायला लागले की आई हजर. साठेक खाती होती तिच्याकडे. कोणी ५० टाकायचं, कोणी २००, दसऱ्याच्या आठवड्यात एखादा हजारही. आधी कार्डावर सही असायची, मग बँकेने पावती काढणारं छोटं मशीन दिलं. कमिशन शेकडा तीन रुपये. पावसात झेंडू सडला की बायका तिची नजर चुकवायच्या. ही खुशाल गोणीवर बसून राहायची. "वीस तरी टाक गं." त्या बाजाराला बँक माहीत होती ती एवढीच. शाखेची पायरी निम्म्यांनी कधी चढली नव्हती.

मी स्टिकर लावायला लागलो तेव्हा बहुतेकांची जनधनच्या वेळची खाती कुठल्या ना कुठल्या मोठ्या बँकेत होतीच. स्टिकर त्यालाच जोडला जायचा. आईच्या बँकेतही काहींची बचत खाती होती, पण ती बँक यूपीआयवर नव्हती. मी स्वतः मॅनेजरना जाऊन भेटलो. म्हटलं, साहेब, लहान बँकेला एखाद्या मोठ्या बँकेचं बोट धरून यूपीआयवर येता येतं, तुम्ही या, बाजारातली खाती मी तुमच्याकडेच जोडतो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बोर्डापुढे ठेवू. पण आपल्या लोकांना हे असलं काही लागत नाही."

दोन वर्षांत साठाची चौदा खाती झाली. "ताई, गल्ल्यात रोकडच नाही, सगळं फोनवर येतं." २०२१ मध्ये बँकेने आईचं मशीन परत मागवलं. आई म्हणते तुझ्या स्टिकरने घात केला. मी म्हणतो तुझ्या साहेबांच्या चहाने केला. हे अजून मिटलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. लोक केनियाचं उदाहरण देतात आणि तेच सरसकट आपल्याला लावतात. केनियात २००७ मध्ये सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने एम-पेसा काढलं. (पेसा म्हणजे आपला पैसाच, स्वाहिलीत गेलेला.) तिथे बँकेत खातं नसलं तरी चालतं. कोपऱ्यावरच्या एजंटकडे रोख द्यायची, फोनवर शिल्लक येते, गावाकडचा माणूस तिकडच्या एजंटकडून रोख घेतो. बँकेला वळसा घातल्यासारखं दिसतं खरं, पण त्या शिलकीएवढी रक्कम शेवटी ट्रस्टच्या नावाने व्यापारी बँकांमध्येच पडलेली असते. पुढे बँकाच त्यात शिरल्या. २०१२ मध्ये एका बँकेबरोबर एम-श्वारी आलं, फोनवर बचत आणि फोनवर कर्ज. महिनाभराच्या कर्जाला ७.५ टक्के फी. आमच्या बाजारातला सावकार फार वेगळं काय घेतो?

आपल्याकडे उलट आहे. २०१६ मध्ये आलेलं यूपीआय एका बँक खात्यातून दुसऱ्या बँक खात्यात जातं, ॲप नुसता दरवाजा. इथेही २०१३ मध्ये व्होडाफोनने एम-पेसा आणलं होतं, २०१९ मध्ये गुंडाळलं. पेमेंट बँकांचंही, म्हणजे फक्त ठेवी घेणाऱ्या आणि पैसे पाठवणाऱ्या बँकांचंही, तसंच. २०१५ मध्ये ११ जणांना तत्त्वतः मंजुरी मिळाली, काहींनी सुरू करायच्या आधीच माघार घेतली. कर्ज देता येत नाही, एका ग्राहकाची २ लाखांच्या वर ठेव ठेवता येत नाही, मग कमवायचं कशावर? म्हणजे बँक मोडायला निघालेलेच दमले. मोठ्या बँकांची तक्रार वेगळी आहे: २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे सर्व्हरचा खर्च त्यांचा आणि मिरवतं ॲप. पण लाखो फूलवाल्यांचा पैसा त्यांच्याच खात्यांतून फिरतो, आणि कोणाचा धंदा रोज किती होतो ते खात्यात दिसतं, त्यावर कर्जही विकता येतं. मरतात त्या चहा पाजणाऱ्या छोट्या बँका.

एका बाबतीत मात्र आईचं बरोबर आहे, आणि हे मी तिच्या तोंडावर कधी बोललेलो नाही. पिग्मीत टाकलेल्या पैशाला वर्षभर हात लागत नव्हता. खात्यात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत राहत नाही. हप्ता आपोआप कापला जातो, पोराचा रिचार्ज होतो, पुण्याच्या माल पाठवणाऱ्याला बसल्याजागी जातो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये बाजार बंद झाला तेव्हा ज्यांची पिग्मी चालू होती त्यांनी ती मोडून दिवस काढले. माझ्याकडून स्टिकर लावून घेतलेल्या एका काकूंनी मला फोन केला आणि विचारलं, "तुझ्या त्या कागदात माझं काही साठलंय का रे?"

पिग्मी फार थोर होती असंही नाही म्हणा. व्याज फुटकळ, मुदतीआधी मोडली तर कापाकापी, आणि पैसे घेऊन पळालेले एजंटही मी ऐकलेत. शिवाय मी एकाच बाजारावरून बोलतोय आणि आईची कमाई बुडालेली आहे, तेवढं वजा करून वाचा.

तुमच्या ओळखीत कोणी सहकारी बँकेचा संचालक असेल तर त्याला सांगा, ॲप काढाच, पण पिग्मीवालीला काढू नका. तिच्याच गळ्यात क्यूआर अडकवा आणि पाठवा बाजारात. हेच मी त्या मॅनेजरना सांगणार होतो, पण तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि मी चहा संपवून निघालो.

आई आता त्याच बायकांची भिशी चालवते. फक्त रोख. एकीने चुकून माझ्या नंबरवर ५०० पाठवले, तर मला एटीएमला पिटाळलं.