आधी तपासणी, मग कोटेशन: छताबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नाशिक): मॅडम, आमचा बंगला 22 वर्षं जुना आहे. मागच्या पावसाळ्यात हॉलमध्ये पंख्याजवळ ओल आली म्हणून एका वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावलं, तो दहा मिनिटं गच्चीवर फिरला आणि सगळ्या गच्चीला केमिकल कोटिंग लागेल असं सांगून व्हॉट्सअ‍ॅपवर कोटेशन टाकलं. एवढी तपासणी पुरते का?

उत्तर: नाही हो, अजिबात पुरत नाही. ज्याला कोटिंग विकायचंय त्याच्याकडूनच तपासून घेतलं की उत्तर बहुतेक वेळा कोटिंगच येतं. शक्य असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळी फी देऊन बोलवा, काम नंतर कोणालाही द्या. आणि तपासणारा माणूस घरात न येता थेट गच्चीवर गेला तर त्याला आधी खाली हॉलमध्ये आणा, कारण निम्मी माहिती खालच्या बाजूलाच असते.

पंख्याजवळ पाणी दिसतंय म्हणजे बरोबर त्याच्यावरच भेग आहे असं समजू नका. पाणी कोब्याखाली, म्हणजे स्लॅबवरच्या सिमेंटच्या थराखाली शिरतं, स्लॅबवरून सरकत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथून खाली येतं, आणि पंख्याचा हूक किंवा वायरिंगचा पाइप ही त्याची आवडती जागा, म्हणून तिथलं लाइट कनेक्शन आधी बंद करा. ओल भर उन्हाळ्यातही राहते का तेही आठवून सांगा, राहत असेल तर पावसापेक्षा टाकीचा किंवा नळाचा पाइप गळत असण्याची शक्यता जास्त.

गच्चीवर बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. कठड्याची भिंत आणि गच्ची मिळते तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर जोड, पावसाच्या पाइपचं तोंड, टाकीच्या खालची जागा, सोलरच्या स्टँडसाठी पाडलेली भोकं, आणि कुठे पिंपळाचं रोप उगवलंय का. कोब्यावर हातोडीने हळूच टकटक करत जायचं, जिथे पोकळ आवाज येतो तिथे तो खालून सुटलाय. स्लॅबच्या खालच्या बाजूला तांबूस डाग किंवा सळईच्या रेषेत भेग दिसली तर सळई गंजून फुगायला लागलीय, अशा ठिकाणी वरून कितीही कोटिंग मारलं तरी गंजलेली सळई काही बरी होत नाही, आधी तो खराब भाग फोडून साफ करून दुरुस्त करावा लागतो.

खात्री करायची तर पाणी साठवून बघतात. पाइपची तोंडं बंद करून इंचभर पाणी निदान 24 तास, जमलं तर 48 तास ठेवायचं. त्याआधी खालच्या डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून फोटो काढून ठेवा म्हणजे डाग वाढला की नाही यावर वाद राहत नाही. पण एक सांगते, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका, हजार चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे साधारण 2,300 किलो वजन होतं, आणि स्लॅबचे पोपडे पडत असतील किंवा तो खाली झुकलेला दिसत असेल तर ही टेस्ट नकोच.

रिपोर्ट लेखी घ्या, फोटोसकट. "गच्ची खराब आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, कुठे, किती आणि कशामुळे हे त्यात पाहिजे.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही टॉप फ्लोअरला राहतो, गच्ची गळते, सोसायटी म्हणते तुमचा फ्लॅट तुम्हीच बघा.

उत्तर: आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सहकारी सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या फ्लॅटचं सीलिंग आणि त्याचं प्लास्टर खराब झालं तर ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायची असते. सेक्रेटरींना फोटो लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शिवाय बिल्डिंग 15 ते 30 वर्षांची असेल तर 5 वर्षांतून एकदा आणि 30 च्या पुढे असेल तर 3 वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी व्हायला पाहिजे, शेवटचं कधी झालं ते त्याच अर्जात विचारा.

प्रश्न (संगमेश्वर): आईवडील गावी कौलारू घरात एकटेच असतात, आम्ही मुंबईत. पावसाच्या आधी छत कसं तपासून घ्यावं?

उत्तर: एप्रिलमध्येच माणूस ठरवा, मे संपत आला की सगळ्यांना एकदमच कौलं आठवतात आणि मग कोणी मिळत नाही. कोणालाही वर चढवायच्या आधी भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवे बंद करायचे आणि वर बघायचं. जिथून उजेडाचे ठिपके दिसतात तिथली कौलं फुटलीत किंवा सरकलीत, वानरांचा त्रास असेल तर असे ठिपके बरेच दिसतील. तिथल्या तिथे वाशावर खडूने खूण करून ठेवा.

मग लाकूड. रिपा आणि वाशांची टोकं, खास करून भिंतीत गेलेली आणि वळचणीकडची, स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, सहज आत गेला तर ते लाकूड कुजलंय. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी. दोन उतार जिथे मिळतात तिथला पत्रा गंजलाय का, पानांनी तुंबलाय का, आणि आढ्यावरच्या कौलांचा सिमेंट उलला आहे का हे नक्की बघायला सांगा, कारण फुटकं कौल सगळ्यांना दिसतं पण ह्या जागा राहून जातात.

नवी मंगलोरी कौलं आणायला जाताना जुनं एक नमुना म्हणून सोबत न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसतीलच असं नाही आणि न बसलेल्या कौलाखाली पाणी मारतं. वर जाणाऱ्याने फळी टाकून वाशांच्या रेषेतच पाय ठेवायचा, आणि शेवाळलेल्या किंवा ओल्या कौलांवर कोणी चढायचं नाही. वडिलांना तर शिडीलाच हात लावू देऊ नका, "मी बघतो रे" म्हणतील तरी. पडवीला जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यावर कोणीच उभं राहू नये, तो अचानक फुटतो, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं म्हणून त्याला कोरडं ड्रिलिंग किंवा घासकाम करू देऊ नका.