मानशीची फळी कुणी बदलायची?

प्रश्न: आमच्या गावच्या मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी कुजलीय, भरतीचं खारं पाणी सरळ खाजनात, खाडीकाठच्या बांधाआडच्या शेतात, शिरतं, दोन वर्षं भात नाही. वॉट्सअप ग्रूपवर मात्र रोज 'संस्कृती बुडाली, माणुसकी संपली' असले फॉरवर्ड. सगळ्यांचं भलं वगैरे आता पुस्तकातच राहिलं का?
– एक वाचक, फोंडा तालुका, गोवा

उत्तर: दादा, आधी तो ग्रूप म्यूट करा.

पूर्वीची माणसं चांगली होती नि आता सगळे स्वार्थी झाले, हे मला काही पटत नाही. जे सगळ्यांचं असतं त्याची काळजी सगळ्यात कमी घेतली जाते, असं अ‍ॅरिस्टॉटल इसवीसनापूर्वी चौथ्या शतकातच म्हणून गेलाय, म्हणजे ही रड तेव्हाही होतीच. मग आपले बांध शेकडो वर्षं टिकले कसे? तर गावकारीत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांनी (गावकारांनी) जमीन सामायिक सांभाळायच्या पद्धतीत, हिशेब होता म्हणून. शेतं पावणीने, म्हणजे लिलावानं, जायची, मानशीतली मासळीही, त्या पैशातून बांधाची डागडुजी व्हायची आणि उरलं की गावकारांना झोण, म्हणजे नफ्यातला वाटा. बांध फुटला की वाटा गेला, इतकं सरळ होतं ते. पोर्तुगीजांनी 1526 च्या फोरालात, म्हणजे सनदेत, हे रिवाज नुसते लिहून घेतले, आधीपासून चालूच होते.

पण गोडवे गाताना जरा जपून हां. वाटा मिळायचा तो गावकारांच्या पुरुष वारसांना, कमरेइतक्या चिखलात उभं राहून बांध घालणाऱ्या मजुराला नाही. 1964 चा कूळ कायदा आला ते बरंच झालं, फक्त बांधाचं काम कूळ संघटनांकडे गेलं नि पुढे काही ठिकाणी भातापेक्षा मासळीची पावणीच जड झाली, मग मुद्दाम खारं पाणी आत घ्यायला लागले.

गॅरेट हार्डिन या अमेरिकी पर्यावरणशास्त्रज्ञानं 1968 मध्ये लिहिलं की सामायिक गोष्टींची वाट लागायचीच. एलिनॉर ऑस्ट्रॉम बाईंनी स्वित्झर्लंडची कुरणं, स्पेनमधले पाट असली उदाहरणं धुंडाळून दाखवलं की तसं काही नाही, लोकांनी स्वतः नियम केले, लक्ष ठेवलं, दंड लावला की टिकतं. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं त्यांना.

तुमची फळी तशी साधीच, भरतीच्या दाबानं आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. गेल्या पावणीचे पैसे कुठे गेले नि फळी कधी बसणार, एवढंच कूळ संघटनेच्या सभेत उभं राहून विचारा. एकटे जाऊ नका, शेजारच्या दोन कुळांना घ्या, आणि जमलं तर त्या फॉरवर्डवाल्यालाही.