खिशातला होल्स्टर : वाचकांचे प्रश्न

शस्त्राचा परवाना असलेल्या वाचकांनी पॉकेट होल्स्टरबद्दल, म्हणजे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर खिशात ठेवायच्या म्यानाबद्दल, विचारलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. खाली जिथे ‘रिकामं शस्त्र’ असं म्हटलंय, तिथे अर्थ एकच : सिलिंडर (रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं फिरतं चाक) किंवा चेंबर (पिस्तुलात झाडायची गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघून, बोटाने चाचपून खात्री केलेलं, मॅगझिन (पिस्तुलाची काडतुसांची पेटी) काढलेलं आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवलेली.

प्रश्न : माझ्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे. शेतावर जाताना पँटच्या खिशात तसंच टाकतो. होल्स्टर घातला तर खिसा फुगेल असं वाटतं. – द्राक्ष बागायतदार, निफाड

तसंच टाकणं आजपासून बंद करा. शस्त्र नियम २०१६ मधला नियम ३२ सांगतो, की सार्वजनिक जागी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात हवं. पण कायदा बाजूला ठेवला तरी उघडं शस्त्र खिशात धोक्याचंच. खिशात ते आडवं होतं, कधी उलटंही होतं, आणि घाईत हात घातला की मुठीऐवजी बोट सरळ ट्रिगरवर जातं. त्यात मोटरसायकलची किल्ली त्याच खिशात असेल तर विचारूच नका. शस्त्राच्या खिशात शस्त्र आणि होल्स्टर सोडून काहीही नको. सुटे पैसे नकोत, तंबाखूची डबीही नको.

फुगण्याचं म्हणाल तर उलट आहे. खिशातून दिसते ती सिलिंडरची गोलाई. होल्स्टरची बाहेरची बाजू सपाट असली की ती गोलाई बुजते आणि खिशात जाड पाकीट असावं तसं दिसतं.

आणखी एक. रिव्हॉल्व्हर जुन्या बनावटीचं असेल आणि घोडा (ट्रिगर नव्हे, मागचा हॅमर) व काडतूस यांच्यामध्ये अडवणारा भाग नसेल, तर सिलिंडरमधलं घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. शस्त्र खाली पडलं तर मार थेट घोड्यावर बसतो. तसा भाग आहे की नाही हे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्या.

प्रश्न : चामड्याचा, कापडी की कायडेक्सचा? दुकानदार प्रत्येकाची तारीफ करतो. – पुणे

आधी परीक्षा घ्या, मग मटेरियल बघा. रिकामं शस्त्र होल्स्टरमध्ये घाला आणि बाहेरून अंगठ्याने ट्रिगरच्या जागी जोरात दाबा. आतला ट्रिगर किंचितही हलला तर तो होल्स्टर परत द्या, कितीही सुंदर असो. बाजारातले ‘सगळ्या पिस्तुलांना चालणारे’ पातळ कापडी होल्स्टर बहुधा इथेच नापास होतात.

दुसरी परीक्षा गादीवर. होल्स्टर उलटा धरून हलकेच हलवा. शस्त्र पडता कामा नये. तिसरी परीक्षा खिशातली : शस्त्र उपसलं की होल्स्टर खिशातच राहिला पाहिजे. पॉकेट होल्स्टरचं सगळं गणित या दोन पकडींत आहे. होल्स्टरची शस्त्रावरची पकड कमी हवी, खिशाची होल्स्टरवरची पकड जास्त. हे उलटं झालं की शस्त्र होल्स्टरसकट बाहेर येतं.

कायडेक्स म्हणजे तापवून साच्यावर बसवलेलं कडक प्लास्टिक. ट्रिगर झाकायला सर्वांत भरवशाचं, पण बाहेरून गुळगुळीत असल्याने खिशातून निसटतं. म्हणून त्याला खालच्या बाजूला आकडा असतो, तो खिशाच्या कडेत अडकतो. शस्त्र सरळ वर न ओढता किंचित मागे ओढत काढलं तरच आकडा काम करतो. कापडीमध्ये बाहेरून रबरासारखा चिकट थर आणि आतून निसरडं अस्तर असलेले चांगले, ट्रिगरची परीक्षा पास झाले तर. हलक्या रिव्हॉल्व्हरला आमची पसंती चामड्याला.

पिस्तूल असेल तर मॅगझिन सोडणारं बटण बघा. घट्ट होल्स्टर किंवा मांडीचा दाब त्या बटणावर आला की मॅगझिन एक टिचकीभर खाली सरकतं. वरून काही कळत नाही. पहिली गोळी चेंबरमध्ये असेल तर ती सुटते, दुसरी वर येतच नाही. दिवसभर वापरून संध्याकाळी मॅगझिन तळाशी नीट बसलंय का ते बघा. आठ दिवसांत एकदा जरी सरकलेलं आढळलं, तरी होल्स्टरची बटणावरची तेवढी जागा कापून घ्या किंवा होल्स्टर बदला. अंगठ्याने लावायची सेफ्टी आपोआप उघडते का हेही याच वेळी पाहायचं.

प्रश्न : कायडेक्सचा होल्स्टर घेतला. उपसताना तोच हातात येतो. स्क्रू किती सैल करू? – नागपूर

एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. स्क्रूखाली रबराची चकती असते, ती थोडी फुगली की पकड सुटते. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर गादीवरची परीक्षा पुन्हा घ्या. पकड जमली की स्क्रूच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे धरून ठेवणाऱ्या गोंदाचा) एक थेंब टाका, नाहीतर चालताना बसणाऱ्या हिसक्यांनी स्क्रू आठवड्याभरात हलतो. थेंब प्लास्टिकवर सांडू देऊ नका, त्याने तडे जाऊ शकतात.

स्क्रू सैल करूनही भागलं नाही तर दोष खिशाचा. टेरीकॉटच्या पँटीला आतून बुळबुळीत कापडाचा खिसा असतो, त्याला आकडा धरत नाही. शिंप्याकडून खिशाचं कापड बदलून जाड ड्रिलचं लावून घ्या. तोवरचा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन सेंटिमीटर रुंद गोल तुकडा कापून होल्स्टरच्या खालच्या भागावर चढवायचा. दिसायला ओबडधोबड, पण धरतो झकास.

शिंप्याकडे गेलाच आहात तर खिशाचं तोंडही बघा. मूठ वळून हात बाहेर निघतो का? पुष्कळांचा इथेच अडतो. तोंड लहान असेल तर उसवून वाढवून घ्या. उपसताना अंगठा मुठीभोवती न वळवता स्लाइडच्या (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या) मागे किंवा घोड्यावर टेकवला की मूठ निमुळती होते आणि घोड्याचं टोक कापडात अडकत नाही. घोडा मात्र मागे ओढायचा नाही.

प्रश्न : आमच्याकडे चामड्याचं काम उत्तम होतं. ओळखीच्या कारागिराकडून शिवून घेऊ का? – कोल्हापूर

जरूर, पण माप घ्यायला शस्त्र त्याच्याकडे ठेवून येऊ नका. परवाना नसलेल्याच्या हाती ते सोपवता येत नाही. घरी रिकामं शस्त्र पुठ्ठ्यावर आडवं ठेवून पेन्सिलीने बाह्यरेषा काढा. मग कंपासपेटीतल्या पट्टीने जाडी मोजा, सिलिंडरपाशी वेगळी आणि नळीपाशी वेगळी. शिलाईची रेघ बाह्यरेषेपासून अर्धी जाडी अधिक चामड्याची जाडी इतकी दूर हवी. समजा सिलिंडर ३४ मिलिमीटर आणि चामडं २ मिलिमीटर, तर १७ अधिक २, म्हणजे १९ मिलिमीटर. त्याच्या बाहेर ६ मिलिमीटर कड सोडून कापायचं.

चामडं हिरड्यात किंवा बाभळीच्या सालीत कमावलेलं मागा. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं मऊ असतं, आकार धरत नाही. शिवून आलेला होल्स्टर कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, रिकामं शस्त्र पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सारा आणि ट्रिगर गार्डभोवती (ट्रिगरभोवतीच्या कडीभोवती) बोटांनी दाबून आकार उठवा. शस्त्र लगेच काढून पुसा, होल्स्टर सावलीत दिवसभर वाळू द्या. उन्हात ठेवलात तर आकसतो. सुरुवातीला घट्ट वाटला म्हणून तेल चोपडू नका. तोंड ढिलं पडून आत दुमडतं, आणि शस्त्र परत घालताना तीच घडी ट्रिगरवर येते.

प्रश्न : पावसाळ्यात गंज चढतो. – रत्नागिरी

चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र रात्रभर ठेवता म्हणून. चामडं दमट हवा आणि घाम धरून ठेवतं. घरी आलं की बाहेर काढा, तेलाचा हलका हात फिरवलेल्या फडक्याने पुसा, अंगाकडची बाजू दोनदा. मग कुलपाच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. खिसाही दर आठवड्याला उलटा करून झटका. तिथली लव नळीत आणि घोड्याच्या फटीत जाते.

प्रश्न : इथे रुगर एलसीपी हे छोटं पिस्तूल घेण्याचा विचार आहे. गाडीत बसल्यावर खिशातून कसं काढायचं? – ह्यूस्टन, टेक्सास

आधी व्हिसा बघा. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवाय हातशस्त्र बाळगता येतं, पण ‘पात्र’ या शब्दात सगळं आलं. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना शस्त्र बाळगायला अमेरिकेच्या संघीय कायद्याची मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत. ग्रीनकार्डवाल्यांना ही अडचण नाही. तुम्ही कशात बसता हे वकिलाकडून लेखी घ्या.

आता गाडीचं. बसल्यावर पुढच्या खिशाचं तोंड मिटतं आणि सीटचा पट्टा त्यावर येतो, त्यामुळे खिसा बसून वापरण्याची जागाच नाही. तासन्‌तास गाडी चालवत असाल तर दुसरी पद्धत निवडा. सीटवर बसून शस्त्र खिशातून काढणं-घालणं तर अजिबात नको, कारण नळी तुमच्याच मांडीकडे असते. होल्स्टर घेताना एलसीपी आणि एलसीपी मॅक्स यांत गल्लत करू नका, आकार वेगळे आहेत. लेझर बसवलेलं असेल तर साध्याचा होल्स्टर चालत नाही.

आणि परत घालताना, कुठेही असो : खिशातल्या होल्स्टरमध्ये शस्त्र खुपसायचं नाही. आधी होल्स्टर बाहेर काढायचा, नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरपासून दूर, दुसरा हात नळीसमोर न आणता होल्स्टर शस्त्रावर चढवायचा, आणि मग दोन्ही मिळून खिशात.