एकटीने होतं, नवऱ्याजवळ होत नाही

प्रश्न : वय २९, लग्नाला तीन वर्षं झाली. संभोगात मला कधीच तृप्ती मिळत नाही. एकटी असताना हाताने मिळते. ते ‘झालं का?’ विचारतात, मी ‘हो’ म्हणते. माझ्यात काही दोष आहे का?

उत्तर : मुळीच नाही. एकटीने होतं, म्हणजे तुमचं शरीर ठणठणीत आहे. फक्त संभोगात स्पर्श भलत्या जागी होतोय.

या सुखाचा मुख्य अवयव शिश्निका. लघवीच्या छिद्राच्या वर, आतले ओठ जिथे जुळतात तिथे तिचं वाटाण्याएवढं टोक असतं. बाकीची आत असते आणि तिचे दोन फाटे योनीच्या बाजूंनी ५ ते ९ सेंटिमीटर जातात. ऑस्ट्रेलियातल्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओ’कॉनेल यांनी ही रचना १९९८ मध्ये तपशीलवार मांडली. आत-बाहेरच्या हालचालीत टोकाला जेमतेम स्पर्श होतो, म्हणून असंख्य बायकांना नुसत्या संभोगाने काहीच होत नाही. योनीतून मिळणारं सुखच ‘प्रौढ’ बाईचं, असं मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडने १९०५ मध्ये लिहून ठेवलं आणि त्यापायी कितीतरी बायकांनी स्वतःला उगाच कमी लेखलं. तुम्ही तसं करू नका.

आता करायचं काय? दोन-तीन आठवडे संभोग बाजूला ठेवा. आधी मांड्या, पोट, स्तन, घाई नको. ओलावा यायला, अंग सैलावायला पंधरा-वीस मिनिटंही लागतात. मग त्यांच्या हातावर तुमचा हात ठेवून जागा, दाब, वेग दाखवा. टोकावर थेट बोट बऱ्याचजणींना झोंबतं. वरच्या त्वचेवरून किंवा किंचित बाजूने, गोल फिरवत चोळलेलं बरं वाटतं. हमखास चूक होते ती शेवटी. तुमचा श्वास वाढला की नवरा जोर वाढवतो किंवा जागा बदलतो आणि आलेली लाट ओसरते. ‘असंच, थांबू नका’ एवढं तेव्हा बोलाच.

पुन्हा संभोग सुरू कराल तेव्हाही हाताचा स्पर्श चालू ठेवा. तुम्ही वर असाल तर ते सोपं जातं. कोरडं वाटलं तर पाण्यावर आधारित जेल वापरा. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्याने रबर फाटतं.

नैराश्यावरची काही औषधं तृप्ती लांबवतात. तशी गोळी चालू असेल तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांशी बोला. आत घेताना दुखत असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. दुखणं सोसायचं नसतं.

आणि तो खोटा ‘हो’. तीन वर्षांचा हिशोब मांडायची गरज नाही, पण यापुढे तो म्हणू नका. त्यामुळेच ते तीच पद्धत बरोबर समजून चालले आहेत. अंथरुणावर नको, एरवी निवांत असताना सांगा : ‘मला कसं आवडतं ते तुम्हाला दाखवायचंय.’ त्यांनी ‘झालं का?’ विचारलंच, तर ‘अजून नाही, इथे हात ठेवा’ म्हणा.