'लुक' येतं, 'लुक फॉर' येत नाही

प्रश्न : मी टेक्सासात सॅन अँटोनिओला राहते. शनिवारी वाचनालयात मेक्सिको, होंडुरासहून आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवते. 'लुक' त्यांना येतं. 'लुक फॉर', 'लुक आफ्टर', 'लुक अप' आलं की गोंधळ. शंभर क्रियापदांची यादी पाठ करायला दिली, पण डोक्यात काही राहत नाही. काय करू?

उत्तर : ताई, शंभराची यादी मलाही पाठ होणार नाही. ती आधी बाजूला ठेवा.

तुमच्या बायका 'आय ॲम लुकिंग माय कीज' म्हणत असतील. ऐकणाऱ्याला वाटतं, ही किल्ल्यांकडे टक लावून बसलीय! त्यांच्या स्पॅनिशमधल्या 'बुस्कार'चा अर्थच शोधणे, म्हणजे 'फॉर' त्या क्रियापदाच्या पोटातच आहे. 'वेट द बस', 'लिसन म्युझिक' हे त्याच माळेचे मणी.

दिशेचंही तसंच. वर जाणे 'सुबीर', खाली येणे 'बाहार', आत शिरणे 'एन्त्रार', बाहेर पडणे 'सालीर'. 'शी रॅन इन'ला त्या 'एन्त्रो कोर्रिएन्दो' म्हणतात. आपलं 'धावत शिरली' अगदी तसंच. इंग्रजीत मात्र क्रियापद नुसतं धावतं, कुठे ते मागचा चिमुकला शब्द सांगतो.

पण स्पॅनिशमध्ये असला प्रकार नाहीच, असं समजू नका. 'कोन्तार' म्हणजे मोजणे किंवा सांगणे. 'कोन्तार कोन' म्हणजे एखाद्यावर भिस्त ठेवणे. 'देहार' म्हणजे सोडणे, ठेवणे. 'देहार दे' म्हणजे एखादी गोष्ट करायची थांबवणे. माद्रिदला शिकवायचे तेव्हा मी पहिल्याच तासाला 'कोन्तार, कोन्तार कोन' फळ्यावर लिहायचे नि शेजारी 'काउंट, काउंट ऑन'. निम्मी भीती तिथेच जायची.

मग यादीऐवजी एकेक प्रसंग घ्या. एका शनिवारी फक्त फोन : होल्ड ऑन, हँग अप, कॉल बॅक. पुढच्या वेळी बस. इथे जरा रेंगाळा, कारण 'इन' आणि 'ऑन' दोन्हींना त्यांच्याकडे बहुतेकदा एकच 'एन', आणि मोटारीत बसा की बसमध्ये चढा, क्रियापद 'सुबीर'च. इंग्रजीत 'गेट इन द कार', पण 'गेट ऑन द बस'. ज्यात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन', हा ठोकताळा बस, ट्रेन, विमान तिन्हींना लागू पडतो.

'पुट ऑफ', 'पुट अप विथ' एवढ्यात बोलायला लावू नका. त्या 'पोस्टपोन', 'टॉलरेट' म्हणतील, कारण 'पोस्पोनेर', 'तोलेरार' त्यांच्या घरचेच शब्द. जरा पुस्तकी वाटेल, वाटू द्या. शेजारीण 'पुट ऑफ' म्हणाली तर कळलं म्हणजे सध्या पुरे.

आणखी एक खोच आहे. 'टर्न इट ऑफ' चालतं, 'लुक इट फॉर' चालत नाही. नियम समजावत बसू नका. प्रत्येकीला दिव्याच्या बटणापाशी उभं करून 'टर्न इट ऑन, टर्न इट ऑफ' म्हणायला लावा. 'लुक फॉर इट'साठी कुणाची तरी पर्स लपवा.